उन्हाचे जीवनसत्त्व आणि आतड्यांचा दाह

पेडणे तालुक्यातील केरी हे गाव तेरेखोल नदीच्या मुखाशी वसले आहे. किनाऱ्यालगत सुरूची राई, समोर अरबी समुद्र आणि नदीपलीकडे तेरेखोलचा किल्ला. दोन्ही तीरांमध्ये फेरीबोटीची ये-जा चालू असते. सत्तरी तालुक्यातही केरी नावाचे एक गाव आहे, परंतु येथे अभिप्रेत आहे ते हे समुद्रकाठचे केरी. या वाळूवर भर माध्यान्ही उभ्या राहिलेल्या माणसाने आपल्या सावलीकडे पाहिले, तर वर्षातील कोणत्याही दिवशी ती त्याला स्वतःच्या उंचीपेक्षा आखूडच दिसेल. मे महिन्याच्या प्रारंभी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखाली लपते. ऑगस्टच्या पूर्वार्धातही तसेच घडते. मात्र तेव्हा ते पाहण्याइतके आभाळ मोकळे मिळणे दुर्मीळच. डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेकडे पुरता कललेला असतानाही दुपारी तो क्षितिजापासून सुमारे पन्नास अंश वर असतो.

सावलीच्या या लांबीला आरोग्यशास्त्रात एक विशेष अर्थ आहे. सावली शरीराहून आखूड असते, तेव्हा सूर्यप्रकाशातील विशिष्ट अतिनील किरण भूमीपर्यंत भरपूर पोहोचतात, आणि त्या किरणांच्या साहाय्याने मनुष्याची त्वचा ड जीवनसत्त्व तयार करू शकते. उलट इंग्लंडच्या अक्षांशावर ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत सूर्य इतका खाली असतो की, उघड्या अंगाने उन्हात बसले तरी त्वचेत हे जीवनसत्त्व जवळजवळ निर्माण होत नाही. या हिशेबाने केरीसारख्या गावात त्याचा तुटवडा कधी पडूच नये. प्रत्यक्षात मात्र दिल्ली, तिरुपती, पुणे अशा भरपूर ऊन असलेल्या शहरांतून झालेल्या तपासण्यांत फार मोठ्या संख्येने लोकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व अपुरे आढळले आहे. आणि अलीकडच्या काळात या अपुरेपणाचा संबंध एका अशा दुखण्याशी जोडला जात आहे, ज्याचे नाव आपल्याकडे दोन पिढ्यांपूर्वी क्वचितच कोणाच्या कानी पडले असेल. ते दुखणे म्हणजे आतड्यांचा दीर्घकालीन दाह. हा संबंध खरा आहे काय, आणि खरा असल्यास कोण कारण व कोण परिणाम, हा आजचा विषय आहे.

ड जीवनसत्त्वाची कथा आतड्यांपासून सुरू होत नाही. ती हाडांपासून सुरू होते. मुलांची हाडे मऊ पडून पाय धनुष्यासारखे वाकविणारा मुडदूस हा रोग युरोपातील औद्योगिक शहरांत एकोणिसाव्या शतकात घरोघर दिसे. पोलंडचा वैद्य श्नियादेत्स्की याने १८२२ सालीच असे निरीक्षण नोंदविले होते की, शहरातील मुले या रोगाने पिडतात आणि खेड्यातील मुले त्यापासून मुक्त राहतात, तेव्हा मुलांना उघड्या हवेत उन्हात न्यावे. त्याचे म्हणणे शंभर वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे १९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की याने दिव्याच्या अतिनील किरणांनी मुडदूस बरा करून दाखविला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मेलनबी याने कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या यकृताचे तेल या रोगावर गुणकारी असल्याचे सिद्ध केले. एकाचे औषध प्रकाश आणि दुसऱ्याचे औषध तेल! दोन्ही खरी कशी असू शकतील, असा पेच पडला. महायुद्धानंतरच्या उपाशी व्हिएन्नात हॅरिएट चिक या विदुषीने आपल्या सहकाऱ्यांसह बालरुग्णालयात काम करून दोन्ही उपाय सारखेच लागू पडतात हे दाखविले. तेलात जो पदार्थ असतो, तोच ऊन लागल्यावर त्वचेत बनतो, असा त्या कोड्याचा उलगडा झाला.

या कथेत महाराष्ट्राचाही एक अध्याय आहे, आणि त्याचे स्मरण फारसे कोणी ठेवलेले नाही. नाशिक येथे हचिसन आणि शाह या दोघांनी मुडदुसाचा अभ्यास करून १९२२ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. त्यांना जे दिसले ते त्या काळच्या समजुतीला धक्का देणारे होते. ज्यांच्या घरी दूधतुपाची ददात नव्हती, अशा सुस्थित, परंतु पडदा पाळणाऱ्या कुटुंबांतील बालके मुडदुसाने ग्रस्त होती. याउलट ज्यांना दोन वेळचे अन्नही पुरेसे मिळत नव्हते, अशा मजूरवर्गातील, आईबरोबर दिवसभर शेतात व रस्त्यावर वाढणारी बालके या रोगापासून जवळजवळ मुक्त होती. श्रीमंताच्या घरात अन्न होते, पण ऊन नव्हते. गरिबाच्या पदरात दुसरे काही नसले तरी ऊन होते. ज्या देशात सूर्य आग ओकतो, त्या देशातही जाड भिंतींच्या आत उन्हाचा दुष्काळ पडू शकतो, हे नाशिकच्या त्या अभ्यासाने दाखवून दिले.

आज भिंतींचे स्वरूप तेवढे बदलले आहे. समजा, केरीची एक मुलगी सकाळच्या बसने म्हापशास कामाला जाते. दिवसभर ती काचेच्या खिडकीआड, विजेच्या दिव्याखाली बसते आणि दिवस मावळताना परत येते. तिची आजी खळ्यात मासळी वाळत घालीत असे, शेतात लावणी करीत असे. तिच्या पाठीवर, दंडांवर, पिंढऱ्यांवर रोज ऊन पडे. नातीच्या अंगावर ते पडत नाही. खिडकीतून ऊन येते ते उजेडापुरते. जीवनसत्त्व घडविणारे किरण काच अडवून धरते. शिवाय आपला सावळा वर्ण, जो उन्हाच्या दाहापासून आपले रक्षण करतो, तोच या किरणांनाही अटकाव करतो; म्हणून गोऱ्या माणसापेक्षा सावळ्या माणसाला तेवढ्याच जीवनसत्त्वासाठी अधिक वेळ उन्हात राहावे लागते. धूर आणि धूळ यांची भर वेगळीच. दिल्लीत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दूषित हवेच्या वस्तीतील बालकांच्या रक्तात स्वच्छ हवेच्या वस्तीतील बालकांपेक्षा ड जीवनसत्त्व पुष्कळ कमी आढळले होते.

अन्नातून हे जीवनसत्त्व मिळते, पण थोडे. भात, डाळ, भाजी, फळे यांत ते जवळजवळ नसते. अंड्याच्या पिवळ्या बलकात काही असते. तेलकट मासळीत मात्र ते चांगले असते, आणि त्या दृष्टीने बांगडा, तारले, पेडवे खाणारा किनाऱ्यावरचा माणूस घाटमाथ्यावरच्या शाकाहारी माणसापेक्षा सुदैवी होय. गरिबाची म्हणून हिणवली जाणारी ही मासळी या बाबतीत महागड्या सुंगटांना सहज मागे टाकते.

जीवनसत्त्व हे नावदेखील या पदार्थाला पुरते शोभत नाही. त्वचेत तयार झालेला किंवा अन्नातून आलेला हा पदार्थ प्रथम यकृतात जातो आणि तेथे त्याचे एक रूपांतर होते. मग तो मूत्रपिंडात जातो आणि तेथे दुसरे रूपांतर होऊन त्याला खरे सामर्थ्य प्राप्त होते. एका अवयवात घडून रक्तावाटे दुसऱ्या अवयवांना आज्ञा देणाऱ्या द्रव्यास शास्त्रज्ञ हार्मोन म्हणतात, आणि ड जीवनसत्त्वाची वागणूक तशीच आहे. ही आज्ञा स्वीकारणारी ग्राहके पेशींमध्ये असतात. ती केवळ हाडांशी संबंधित पेशींतच असती, तर आजच्या विषयाला कारणच उरले नसते. परंतु ती आतड्याच्या अस्तरात सापडली, आणि शरीराचे संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींतही सापडली. २००६ साली एका संशोधनातून असे दिसून आले की, क्षयाच्या जंतूशी लढताना या संरक्षक पेशी ड जीवनसत्त्वाच्या मदतीने एक जंतुनाशक द्रव्य निर्माण करतात.

आता दुखण्याकडे वळू. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्यास अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात. त्यात मोठ्या आतड्याचे अस्तर सुजते, त्यावर व्रण पडतात आणि शौचावाटे रक्त व आव पडते. हे नाव लंडनच्या सॅम्युएल विल्क्स याने १८५९ साली वापरल्याचे मानले जाते. दुसरा प्रकार क्रोनचा विकार. न्यूयॉर्कचे डॉक्टर बरिल क्रोन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. तो पचनमार्गात कोठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागावर त्याचा विशेष रोख असतो, आणि तो आतड्याच्या भिंतीत खोलवर शिरतो. दोन्हींत शरीराची संरक्षक सेनाच जणू बहकते आणि आपल्याच आतड्यावर शस्त्र धरते. आनुवंशिकता, आतड्यातील असंख्य सूक्ष्म जीव, आहार, राहणी अशा अनेक गोष्टी त्यामागे आहेत. एकट्या कोणत्याही गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. हे विकार बहुधा ऐन तारुण्यात गाठतात आणि पुष्कळ वर्षे सोबत करतात. मधूनमधून ओसरतात, पुन्हा उसळतात.

आपल्याकडे या रोग्याची दुहेरी परवड होते. शौचावाटे रक्त पडते ही गोष्ट तरुण मुलगा किंवा मुलगी घरात सांगत नाही. लाज आड येते. सांगितली तर मूळव्याध म्हणून किंवा आमांश म्हणून घरगुती उपचार सुरू होतात आणि महिने निघून जातात. क्रोनच्या विकाराची अडचण आणखी निराळी. आतड्याचा क्षय आणि हा विकार यांची लक्षणे, इतकेच नव्हे तर दुर्बिणीतून दिसणारे आतड्याचे रूपही, इतके सारखे असते की, अनुभवी डॉक्टरांचीही गफलत होऊ शकते. पुष्कळ रोग्यांना आधी महिनोन्‌महिने क्षयाची औषधे घ्यावी लागतात. उलट चूक तर अधिक घातक: क्षय असताना दाह दडपणारी औषधे दिली, तर क्षयाचे जंतू मोकाट सुटतात.

हा रोग थंड आणि श्रीमंत देशांचा, अशी समजूत फार काळ रूढ होती. उत्तर युरोप आणि उत्तर अमेरिका येथे त्याचे प्रमाण सर्वांत जास्त, आणि विषुववृत्ताकडे यावे तसे कमी. अर्थात ऊन हेच त्यावरचे कवच असले पाहिजे, असा तर्क सहज सुचतो. हा तर्क ऐकायला फार गोड आहे, आणि म्हणूनच तो घासून पाहिला पाहिजे. पंजाबात ऊन थोडे नाही. तरीही लुधियानाच्या डॉक्टरांनी पन्नास हजारांहून अधिक लोकांची पाहणी करून २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण लाखात सुमारे ४४ भरले. ऊन तेच राहिले आणि रोग आला. तेव्हा बदलले ते दुसरे काही तरी असणार.

परदेशी गेलेल्या आपल्या लोकांची गोष्ट या संदर्भात विचार करावयास लावते. इंग्लंडमधील लेस्टर शहरात स्थायिक झालेल्या भारतीयांत अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण तेथील मूळ रहिवाशांपेक्षा अधिक असल्याचे १९९२ साली नोंदविले गेले. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील २००७ सालच्या अहवालानुसार दक्षिण आशियाई वंशाच्या मुलांत आतड्यांच्या दाहाच्या नव्या रोग्यांचे प्रमाण वर्षाला लाखात सुमारे पंधरा होते, आणि इतर मुलांत पाच. याच स्थलांतरितांमध्ये मुडदूसही परतला होता. ग्लासगोमधील पाकिस्तानी कुटुंबांत तो आढळल्याचे डनिगन यांनी १९६२ सालीच लिहिले होते. सावळी त्वचा, मंद सूर्य, आणि त्याबरोबर रोग. चित्र पुरे झाल्यासारखे वाटते. पण त्या माणसाने नुसता सूर्य बदललेला नसतो. त्याने पाणी बदलले, भाकरी बदलली, मुलांच्या बालपणीचे जंतू बदलले, औषधे बदलली. या सर्वांतून एकट्या उन्हाला वेगळे काढणार कसे?

शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढण्याचा प्रयत्न निरनिराळ्या मार्गांनी केला आहे. अमेरिकेत मार्गेरिटा कँटोर्ना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली उंदरांवर प्रयोग केले. ज्या उंदरांना जन्मतःच आतड्यांच्या दाहाची प्रवृत्ती होती, त्यांना ड जीवनसत्त्व मिळू दिले नाही, तेव्हा त्यांचा रोग लवकर व तीव्र स्वरूपात उद्भवला; ते दिल्यावर रोग सौम्य झाला. पुढे असेही दिसून आले की, आतड्याच्या अस्तरातील पेशींना एकमेकींशी घट्ट बांधून ठेवणारे जे सांधे असतात, ते मजबूत राखण्यास हे जीवनसत्त्व साहाय्य करते. बांध शाबूत असेल तर खाडीचे खारे पाणी शेतात शिरत नाही. खाजन शेती करणाऱ्या गोमंतकीयास हे निराळे समजावून सांगावयास नको.

उंदरांचे झाले, माणसांचे काय? अमेरिकेतील परिचारिकांच्या प्रदीर्घ पाहणीतून २०१२ साली एक महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. ७२,७१९ स्त्रियांची माहिती अनेक वर्षे जमविण्यात आली होती. ज्यांच्या शरीरात ड जीवनसत्त्व सर्वांत जास्त असावे असा अंदाज होता, त्यांना क्रोनचा विकार होण्याचा धोका, सर्वांत कमी असलेल्यांच्या मानाने, जवळपास निम्मा आढळला. मात्र येथे अंदाज हा शब्द दृष्टिआड करून चालणार नाही. बहुतेकींचे रक्त तपासलेले नव्हते; त्यांचा आहार, व्यायाम, राहण्याचे ठिकाण, वर्ण यांवरून आकडा काढलेला होता. जी स्त्री नित्य मोकळ्या हवेत चालते, तिचे इतरही पुष्कळ काही चांगले असते. डेन्मार्कमधील एक लाखाहून अधिक लोकांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर, जन्मजात गुणसूत्रांमुळेच ज्यांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी असते, अशांना हे विकार अधिक होतात असे आढळले नाही. जीवनसत्त्वाचा अभाव हेच मूळ कारण असते, तर ते तेथे दिसावयास हवे होते.

मग रोग्यांच्या रक्तात ते कमी का सापडते? कारण रोगच ते कमी करतो. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थांत विरघळणारे आहे; ते आतड्यातून शोषले जाण्यासाठी पित्ताची गरज असते, आणि पित्तातील क्षार पुन्हा शोषून घेण्याचे काम लहान आतड्याच्या शेवटच्या भागात होते. क्रोनचा विकार नेमका त्याच भागावर घाला घालतो. शिवाय आजारी माणूस घराबाहेर पडत नाही. शौचास कधी धावावे लागेल याचा भरवसा नसलेली मुलगी किनाऱ्यावर फिरावयास जाणार तरी कशी? तिला मासळी तेलकट म्हणून वर्ज्य करावयास सांगितलेली असते, दूध सोसत नाही म्हणून सोडलेले असते. म्हणजे ऊन गेले, अन्न गेले आणि शोषणही गेले. अशा तिच्या रक्तात जीवनसत्त्व कमी आढळले, तर ते तिच्या रोगाचे कारण म्हणावे की रोगाची सावली? आजवरच्या पुराव्यावरून असे म्हणणे योग्य होईल की, सावलीचा भाग मोठा आहे. पण कमतरता एकदा निर्माण झाली की ती दाहाला खतपाणीही घालीत असावी. एकाच्या जोराने दुसरे फिरते.

औषध म्हणून ते दिल्याने काय होते, हा रोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न. डेन्मार्कमध्ये क्रोनचा विकार शांत असलेल्या ९४ रोग्यांवर प्रयोग झाला आणि २०१० साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना वर्षभर रोज १२०० एकके ड जीवनसत्त्व दिले, उरलेल्यांना त्याविना गोळ्या दिल्या. जीवनसत्त्व घेणाऱ्या ४६ जणांपैकी ६ जणांचा रोग पुन्हा उसळला; न घेणाऱ्या ४८ पैकी १४ जणांचा. फरक डोळ्यांत भरणारा खरा. परंतु संख्या लहान असल्याने तो योगायोगही असू शकेल अशी शंका गणिताने शिल्लक ठेवली. २०२३ साली अशा बावीस प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. रोग पुन्हा उसळण्याचे प्रमाण या जीवनसत्त्वाने कदाचित कमी होत असेल, पण पुरावा दुबळा आहे, असाच त्याचा अभिप्राय पडला. कदाचित या शब्दावर औषधाची बाटली विकणाऱ्यांचे समाधान होत नाही. प्रामाणिक उत्तर मात्र तूर्त तेच आहे.

ही अनिश्चितता ऐकून कोणी असे समजू नये की, रोग्याने ड जीवनसत्त्वाचा विचारच सोडून द्यावा. हाडांच्या बाबतीत कसलीही अनिश्चितता नाही. आतड्यांचा दाह आटोक्यात आणण्यासाठी पुष्कळदा स्टेरॉइड द्यावे लागते, आणि ते हाडे पोखरते. तिशीतल्या माणसाच्या मणक्यात म्हाताऱ्याच्या हाडांचा ठिसूळपणा येतो. त्यावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची जोड देणे हा मान्य उपचार आहे. म्हणून अशा रोग्याने रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. प्रौढ निरोगी भारतीयास दररोज ६०० एकके पुरेशी असल्याचे भारतीय वैद्यक अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले. बाजारात मात्र ६०,००० एककांच्या पुड्या व गोळ्या मिळतात. त्या आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घेण्यासाठी असतात. गुण येतो असे वाटून कोणी त्या रोज घेऊ लागला, तर रक्तातील कॅल्शियम वाढते, मळमळ सुटते, मूत्रपिंडात खडे होतात आणि मूत्रपिंड निकामीही होऊ शकते. उन्हातून मात्र असा अतिरेक होत नाही. जरुरीपेक्षा जास्त झालेले द्रव्य त्वचा स्वतःच मोडून टाकते.

सर्वांत मोठा धोका मात्र दुसराच. ऊन आणि जीवनसत्त्व यांची महती ऐकून रोगी आपली दाहाची औषधे बंद करतो. चार महिने बरे वाटते, कारण या रोगाचा स्वभावच ओसरण्याचा आहे. आणि पाचव्या महिन्यात रक्ताचा पूर येतो. जीवनसत्त्व हे त्या औषधांच्या जोडीला असू शकते, त्यांच्या जागी नव्हे. तसेच तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ जुलाब चालू राहिले, शौचावाटे रक्त पडले, वजन उतरले, रात्री पोटदुखीने जाग येऊ लागली, तर उन्हात बसण्याने निदान होणार नाही. पेडण्याच्या लोकांस म्हापशाचे जिल्हा रुग्णालय जवळ आहे, बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालयही दूर नाही. तेथे आतड्यांची तपासणी करवून क्षय की दाह याचा निर्णय आधी करून घेतला पाहिजे.

गोव्यातील अनेक कुटुंबे आज इंग्लंडात, विशेषतः स्विंडनसारख्या शहरात, जाऊन राहिली आहेत. तेथील आरोग्य खात्याने २०१६ सालापासून सर्व नागरिकांना शरद व हिवाळ्यात रोज ४०० एकके ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावयास सांगितले आहे, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांना वर्षभर. केरीहून पत्र येते, तेव्हा त्यात बहुधा थंडीच्या कपड्यांची चौकशी असते. या छोट्या गोळीचीही चौकशी त्यात असावयास हरकत नाही. आणि तेथे वाढणाऱ्या नातवंडाचे पोट वारंवार बिघडत असेल, तर तेथील डॉक्टरांपाशी ती गोष्ट लाजेखातर दडवू नये, हेही लिहावे.